टेलिफोटो भिंगाची चाळिशी

दूरच्या पक्ष्याला हाताच्या अंतरावर आणून दाखविणारे टेलिफोटो झूम भिंग पायाशी बसलेल्या फुलपाखरापुढे मात्र हतबल होते. ७० ते ३०० मिलिमीटर नाभीय अंतराच्या सर्वसाधारण झूम भिंगाला सुमारे दीड मीटरच्या अलीकडची वस्तू स्पष्ट दिसत नाही. (हे अंतर भिंगाच्या टोकापासून नव्हे, तर कॅमेऱ्यातील संवेदकापासून मोजावयाचे असते, हे पुष्कळांच्या ध्यानात नसते.) तेथून मिळणारी प्रतिमा वस्तूच्या फार तर एक चतुर्थांश. गवतावर बागडणाऱ्या ग्रास ज्वेल या चिमुकल्या फुलपाखराचा पंखविस्तार जेमतेम दोन सेंटिमीटर. म्हणजे ३६ मिलिमीटर रुंदीच्या संवेदकावर त्याला ५ मिलिमीटर जागा मिळणार, आणि पंख मिटले तर त्याहूनही कमी! या निळ्या कुळातील फुलपाखरांची ओळख पटते ती बहुधा पंखांच्या खालच्या बाजूवरील ठिपक्यांवरून. ते ठिपके उमटले नाहीत, तर छायाचित्र नुसते शोभेचे. पूर्वी अभ्यासक फुलपाखरे जाळ्यात पकडून टाचणीने टोचून ठेवीत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे अनेक जातींच्या बाबतीत तो मार्ग बंद झाला, आणि ते योग्यच झाले.

वस्तू जवळ येऊ लागली की तिची रेखीव प्रतिमा उमटण्यासाठी भिंग संवेदकापासून दूर सरकवावे लागते. कॅमेरा आणि भिंग यांच्यामध्ये पोकळ नळी बसविण्याची युक्ती याच तत्त्वावर आधारलेली आहे. परंतु नळीचा गुण भिंगाप्रमाणे बदलतो. २५ मिलिमीटरची नळी ५० मिलिमीटरच्या भिंगाला लावली तर प्रतिमेच्या प्रमाणात निम्म्याची भर पडते. ३०० मिलिमीटरला ती भर केवळ बाराव्या हिश्श्याची! शिवाय प्रकाशही थोडा घटतो.

टेलिफोटोला खरा उपाय आपल्या घरातील वडीलधाऱ्यांच्या नाकावरच आहे. चाळिशी लागलेल्या डोळ्यास दूरचे दिसते, जवळची अक्षरे मात्र पुसट होतात. मग अधिक नंबरचा चष्मा येतो. अधिक दोन नंबरचे ‘क्लोज-अप’ भिंग झूमच्या तोंडावरील आट्यांत बसवावे आणि झूम अनंतावर ठेवावे. वस्तू बरोबर ५० सेंटिमीटरवर स्पष्ट होते, मग नाभीय अंतर ७० असो वा ३००. प्रतिमेचे प्रमाण नाभीय अंतराला ५०० ने भागून मिळते. ३०० वर ते ०.६ येते, पाच मिलिमीटरचे फुलपाखरू बारा मिलिमीटरचे होते! जागचे न हलता झूम फिरवून चौकट लहानमोठी करता येते, ही सोय नळीत नाही. प्रकाशही जवळजवळ घटत नाही.

मात्र हे भिंग एकेरी काचेचे नसावे. लांब नाभीय अंतरावर तशी स्वस्त काच कडांना रंगीत किनार देते आणि ज्या ठिपक्यांसाठी हा खटाटोप, तेच पुसट करते. दोन निराळ्या प्रकारच्या काचा जोडून हा वर्णदोष घालविण्याची रीत दुर्बिणीकरिता निघाली. जॉन डॉलंड याने १७५८ मध्ये तिचे एकस्व मिळविले. असे जोडभिंग महाग पडते खरे, परंतु स्वतंत्र मॅक्रो भिंगाच्या मानाने खर्च पुष्कळच कमी. विकत घेताना आट्यांचा व्यास तेवढा जुळवून पाहावा.

एफ/११ एवढे छिद्र ठेवूनही रेखीवपणाची खोली दोन-तीन मिलिमीटरच मिळते. म्हणून मिटलेल्या पंखांचे प्रतल संवेदकाशी समांतर येईल असे बसावे, कोपर गुडघ्यावर टेकावे, आणि कड्याशी झटापट न करता सबंध अंगानेच किंचित पुढेमागे झुलत स्पष्टता साधावी. सकाळच्या कोवळ्या उन्हात फुलपाखरे अंग शेकत बसतात, ती वेळ उत्तम. फक्त आपली सावली त्यांच्यावर पडू देऊ नये. आणि चाळिशी चढविलेली असतानाच समोरच्या वडावर तांबट येऊन बसला, तर ती काढून खिशात टाकीपर्यंत तो थांबेल एवढीच आशा करावी.