संगणक घेताना : सगळे एकात की सुटे सुटे?

मागच्या हंगामात कापूस विकून एक शेतकरी आमच्याकडे आले. आमच्याच शाळेत शिकलेले. ओट्यावर बसले, पाणी प्याले आणि म्हणाले, "गुरुजी, पोरीले कम्प्युटर घेऊन द्यावं म्हणतो. दुकानदार म्हणे, सगळं एकातच असलेला घ्या. अठ्ठेचाळीस हजार सांगते. घेऊ का नाई, तुमीच सांगा जी."

मुलगी बारावी झालेली. टायपिंग शिकलेली. घरच्या पुढच्या खोलीत बसून लोकांचे अर्ज भरायचे, कागद टाइप करून द्यायचे, असा तिचा विचार होता. विचार चांगला. पण ४८ हजार रुपये म्हणजे खत-बियाण्याची उधारी फेडून बापाच्या हातात जे उरले होते, त्यातले बहुतेक सगळे. चूक झाली तर पुढच्या पेरणीला पुन्हा कर्ज.

आम्ही लगेच हो म्हटले नाही, आणि नाहीही म्हटले नाही. आमचा सारा जन्म खडू आणि फळ्यात गेला. आपल्याला ठाऊक नाही ते ज्याने वापरले त्याला विचारावे, हे बरे. बैल घेताना आपण काय करतो? दलालाचे ऐकून घेतो. पण ज्याने तो बैल औताला जुंपला, त्यालाही गाठतो. तसेच करायचे ठरवले. बापलेकीला घेऊन आम्ही जिल्ह्यातील चार घरी गेलो.

आधी वस्तू समजून घेऊ

आपल्या राज्यात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली एक संगणक सुरू झाला. त्याचे नाव टिफ्रॅक. तो मोठमोठ्या लोखंडी कपाटांएवढा होता. पुढे संगणक लहान होत गेला आणि घरातल्या टेबलावर आला.

टेबलावरच्या साध्या संगणकाचे चार भाग असतात. समोर पडदा, म्हणजे स्क्रीन. हाताखाली कीबोर्ड. बाजूला माऊस. आणि खाली किंवा शेजारी एक डबा. दुकानदार त्या डब्यालाच सीपीयू म्हणतात. खरे काम त्या डब्यात चालते.

डब्यात दोन गोष्टी महत्त्वाच्या. एक रॅम आणि दुसरी डिस्क. घरात धान्य साठवायची कोठी असते आणि धान्य निवडायला ओटा असतो. डिस्क ही कोठी. सगळे कागद, फोटो, हिशेब तिच्यात राहतात. रॅम हा ओटा. ओटा मोठा असला की एका वेळी चार कामे पसरून करता येतात. ओटा लहान असला की काम अडखळते.

आता काही संगणकांत हा डबा वेगळा नसतो. डब्यातले सगळे सामान पडद्याच्या मागेच बसवलेले असते. त्याला ऑल-इन-वन म्हणतात. ऑल-इन-वन म्हणजे सगळे एकात. ही कल्पना जुनीच आहे. अमेरिकेतील अ‍ॅपल कंपनीने १९८४ साली मॅकिंटॉश नावाचा असाच एकजीव संगणक काढला, आणि १९९८ साली आयमॅक काढला. आज अनेक कंपन्या असे संगणक बनवतात.

चार घरची चार मते

पहिले घर सेलू तालुक्यातील एका शिक्षिकेचे. घर दोन खोल्यांचे. त्यांच्याकडे सगळे एकात असलेला संगणक चार वर्षांपासून आहे. त्या म्हणाल्या, "गुरुजी, मला तर हाच बरा वाटतो. जागा कमी लागते. वायरींचा गुंता नाही. बदली झाली तेव्हा एका खोक्यात भरून नेला." वीजही थोडी कमी लागते, असे त्यांनी सांगितले. ते आम्ही हिशेबाने पडताळून पाहिले. ६० वॅटचे यंत्र १० तास चालले तर ६०० वॅट-तास होतात, म्हणजे एका युनिटाहून कमी. तेच १२० वॅटचे असेल तर १ युनिट आणि वर थोडे. त्यांची एकच तक्रार होती. मुलांचा अभ्यास वाढला, म्हणून रॅम वाढवायला गेल्या; तर रॅम आतल्या पट्टीवर कायमची डाग देऊन बसवलेली निघाली. ती वाढवता येत नव्हती. घेताना हे कोणी सांगितले नव्हते आणि त्यांनीही विचारले नव्हते.

दुसरे घर देवळीकडचे. तिथे एक कृषी केंद्र आहे. मालकांनी ४० हजारांना तसाच संगणक घेतला होता. ऐन पेरणीच्या दिवसांत पडद्याला काही तरी लागले आणि तडा गेला. मालक म्हणाले, "पडदा फुटला अन् दुकानच बंद पडलं जी. उधारीचा सगळा हिशेब त्याच्यातच. मशीन नागपूरले गेली ते बावीस दिवसांनी आली. चौदा हजार लागले."

पाहा, यंत्र आतून चांगलेच होते. फक्त पडदा गेला. पण पडदा आणि यंत्र एकच असल्यामुळे सगळेच गेले. नंतर आम्हाला एका जाणत्याने सांगितले की काही यंत्रांना मागे एचडीएमआय नावाचे बाहेर जाणारे भोक असते. त्यात वायर लावून दुसरा पडदा किंवा घरचा टीव्ही जोडता येतो आणि काम तात्पुरते चालते. त्यांच्या यंत्राला ते भोक नव्हते. आणि हिशेबाची दुसरी प्रत त्यांनी कुठेच ठेवली नव्हती.

तिसरे घर हिंगणघाटचे. हे गृहस्थ व्यापाऱ्यांचे हिशेब लिहितात. त्यांच्याकडे वेगळ्या डब्याचा साधा संगणक आहे. नऊ वर्षे झाली. ते हसून म्हणाले, "आमची ही बंडी आहे गुरुजी. धाव झिजली तर धाव बदला, आरा मोडला तर आरा बदला. बंडी चालूच." त्यांनी नऊ वर्षांत पडदा एकदा बदलला. वीज पुरवणारा आतला भाग एकदा बदलला. रॅम वाढवली. जुनी फिरणारी डिस्क काढून एसएसडी नावाची नवी, वेगवान डिस्क घातली. प्रत्येक काम गावातल्याच कारागिराने एक-दोन दिवसांत केले. पण टेबलाखाली वायरींचे जाळे, त्यात धूळ. आणि एकदा उंदराने वायर कुरतडली. म्हणजे सुट्या संगणकालाही त्याची कटकट आहेच.

चौथे घर आर्वी तालुक्यातील एका तरुणाचे. त्याने शहरातून जुना, वापरलेला, सगळे एकात असलेला संगणक स्वस्तात आणला. दिसायला कोरा वाटे. त्यात विंडोज १० ही प्रणाली होती. प्रणाली म्हणजे संगणकाला चालवणारी मुख्य आज्ञावली. मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० चा नेहमीचा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. असा आधार थांबला की चोरवाटा बुजवणे थांबते आणि बँकेच्या कामाला धोका वाढतो. नवी विंडोज ११ त्या जुन्या यंत्रावर बसेना. शेवटी त्याने लिनक्स नावाची फुकट मिळणारी प्रणाली घातली. त्यावर त्याचे काम चालते. पण त्याला हवी असलेली एक हिशेबाची आज्ञावली तिच्यावर चालत नाही. तो म्हणाला, "स्वस्त पाहालो, साल नाही पाहालो."

चरख्याची कसोटी

परत येताना वर्ध्याला थांबलो. तिथे मगन संग्रहालय आहे. १९३८ साली ते सुरू झाले. चरखे पाहताना आम्हाला एक जुनी गोष्ट आठवली. १९२९ साली अखिल भारत चरखा संघाने उत्तम चरखा तयार करणाऱ्याला १ लाख रुपयांचे बक्षीस लावले होते. अटी अशा : चरखा हलका असावा, झोपडीत चालावा, किंमत १५० रुपयांपेक्षा जास्त नसावी, २० वर्षे टिकावा, आणि वर्षाच्या दुरुस्तीचा खर्च किंमतीच्या शेकडा ५ हून जास्त नसावा. ते बक्षीस कोणालाच मिळाले नाही. पण अटी किती शहाणपणाच्या होत्या ते पाहा. यंत्र दिसते कसे, हे त्यात नाही. घरात बसेल का, टिकेल का, बिघडले तर काय लागेल, हे आहे.

संगणक २० वर्षे चालेल अशी आशा करू नये. पण दुरुस्तीची कसोटी त्यालाही लावता येते. ४० हजारांचे शेकडा ५ म्हणजे २ हजार. देवळीच्या दुकानदाराला एका पडद्यासाठी १४ हजार लागले. म्हणजे ७ वर्षांची दुरुस्ती एका दिवसात झाली.

पेटीचरखा आपण पाहिला आहे. तोही सगळा एकात असतो. चाके, चाती, माळ सारे एका पेटीत. झाकण लावले की हातात घेऊन चालता येते. पण चाती वाकली तर चातीच बदलते. माळ तुटली तर माळच बदलते. पेटी टाकून द्यावी लागत नाही. म्हणजे सगळे एकात असणे हा दोष नाही. एक बिघडले की सगळे अडणे, हा दोष.

दुकानात विचारायचे प्रश्न

१. आपले काम कोणते? सातबारा पाहणे, भाव पाहणे, सीसीआयच्या कपास किसान ॲपवर नोंद करणे, एवढ्यासाठी मोबाईल पुरतो. मूल शिकायला बाहेरगावी राहणार असेल तर लॅपटॉप बरा. तो मिटतो आणि त्यात बॅटरी असते.

२. रॅम किती आहे? पुढे वाढवता येते का? डिस्क एसएसडी आहे का? ती बदलता येते का? आज साध्या कामाला ८ जीबी रॅम असावी.

३. पडदा गेला तर काय लागेल? दुरुस्ती कुठे होते? माणूस घरी येतो की यंत्र न्यावे लागते? किती दिवस? उत्तर बिलावर किंवा कागदावर लिहून मागावे.

४. हमी किती वर्षांची आहे? पडद्याला बाहेरून मार लागला तर ती चालत नाही, हेही विचारून घ्यावे.

५. दुसरा पडदा जोडण्याचे भोक आहे का?

६. यूपीएस धरून किंमत किती? टेबलावरच्या बहुतेक संगणकांत बॅटरी नसते, मग ते सुटे असोत की एकातले. लाइन गेली की चालू काम बुडते. लहान यूपीएस दहा-पंधरा मिनिटे देतो. तेवढ्यात काम जपून ठेवून यंत्र नीट बंद करावे.

घरी आणल्यावरही काळजी घ्यावी. प्लगला अर्थिंग हवे. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, आणि पुष्कळ यंत्रांच्या पुस्तिकेत ३५ अंशांपर्यंतचीच हवा योग्य म्हटलेली असते. म्हणून टिनाच्या छताखाली भर दुपारी यंत्र चालवू नये. कापसाचा तंतू हवेच्या फटीत बसतो. तो मऊ ब्रशने काढावा. वीज कडाडू लागण्याआधीच प्लग उपटून ठेवावा. आणि दर आठवड्याला महत्त्वाच्या कागदांची प्रत पेन ड्राइव्हवर घ्यावी. बियाणे आपण एकाच मडक्यात ठेवत नाही.

पक्के बिल घ्यावेच. वस्तू सदोष निघाली आणि दुकानदार ऐकत नसेल, तर १९१५ या क्रमांकावर ग्राहकांसाठी मदत मिळते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. वस्तूची किंमत ५ लाख रुपयांपर्यंत असेल तर तक्रारीला फी नाही. तक्रार २ वर्षांच्या आत करावी. पण हातात बिल नसेल तर आपली बाजू लंगडी पडते.

शेवटी काय झाले

निर्णय आम्ही दिला नाही. मुलीनेच दिला. ती बापाला म्हणाली, "बाबा, त्या बाईंच्या घरी तो एकातला ठीक आहे. आठ दिवस बंद पडला तर त्यांचं काही अडत नाही. माहं काम आठ दिवस थांबलं तर गिऱ्हाईक दुसरीकडे जाईल. मले सुटाच पायजे."

आम्हाला तिचे म्हणणे पटले. चांगला कोणता आणि वाईट कोणता, हा प्रश्नच नव्हता. तो बंद पडला तर कोणाचे किती अडते, हा प्रश्न होता.

त्यांनी सुटा संगणक घेतला. यूपीएस धरून ४३ हजार लागले. उरलेले ५ हजार दुरुस्तीसाठी वेगळे ठेवले. बिल आणि हमीचे कार्ड मुलीने सातबाऱ्याच्या पत्र्याच्या पेटीत ठेवले.

पहिल्याच पावसाळ्यात एका संध्याकाळी वीज कडाडली. प्लग काढायचे राहून गेले होते. यूपीएस जळला. संगणक वाचला. बाप दुसऱ्या दिवशी वर्ध्याला जाऊन नवा यूपीएस घेऊन आले. काम एक दिवस थांबले. पैसे बाजूला ठेवलेल्या ५ हजारांतून गेले, कोणापुढे हात पसरावा लागला नाही.

आता आभाळ भरून आले की ती मुलगी आधी प्लग काढते, मग अंगणातले कपडे.