घरच्या घरी जोडा तळहाताएवढा संगणक

घरात चांगला फोन बहुधा एकच असतो आणि तो सकाळी घरधन्याच्या खिशातून शेतावर जातो. मुलीचा अभ्यास, दुधाचा हिशेब, पीक विम्याची पावती, सातबाऱ्याचा उतारा, सारे काही त्याच फोनवर. मग दिवस मावळेपर्यंत घर या सगळ्याला पारखे! दुसरा फोन घ्यावा, तर त्याच्या छोट्या पडद्यावर अर्ज भरताना डोळ्यांना पाणी येते. अशा घरासाठी एक निराळी वाट आहे आणि ती आपल्या आवाक्यातली आहे.

बाजारात 'बेअरबोन' नावाचा छोटा डबा मिळतो. बेअरबोन म्हणजे नुसता सांगाडा. तळहाताहून थोड्या मोठ्या डब्यात मदरबोर्ड, प्रोसेसर, पंखा आणि सोबत अडॅप्टर. मेमरी आणि साठवणीची एसएसडी आपण वेगळी घ्यायची. बिनचाकांची गाडी आणून चाके आपल्या ऐपतीप्रमाणे बसवावीत, तसा हा प्रकार. इंटेल कंपनीचे 'नक' नावाचे डबे पुष्कळ वर्षे खपले. २०२३ साली इंटेलने ते काम थांबवले आणि आसूस कंपनीने पुढे चालवले. इतर कंपन्यांचेही डबे मिळतात.

पैसा कुठे घालावा हे आधी ठरवा. हिशेब, अभ्यास, अर्ज आणि व्हिडिओ एवढ्यासाठी एन-१०० या जातीचा साधा प्रोसेसर पुरे होतो. मेमरी ८ जीबी व एसएसडी २५६ जीबी घ्यावी. दुकानदार दुप्पट घ्या म्हणेल. तूर्त नको म्हणा. पुढे गरज पडली तर ती बदलता येते. मेमरीचे भाव कांद्यासारखे वरखाली होतात, म्हणून तालुक्याच्या दोन-तीन दुकानांत एकाच दिवशी भाव विचारावा आणि पक्के बिल घ्यावे. मेमरी लॅपटॉपची, आखूड जातीची लागते. डीडीआर-४ च्या जागी डीडीआर-५ बसत नाही. खाच वेगळ्या ठिकाणी असते. सगळ्यात बरे म्हणजे डबाच दुकानात न्यावा. जुना कीबोर्ड, जुना माऊस खुशाल घ्या. एसएसडी मात्र जुनी घेऊ नका. ती किती झिजली आहे हे वरून दिसत नाही.

आता जोडणी. लागतो फुलीच्या तोंडाचा एक बारीक स्क्रू ड्रायव्हर आणि स्क्रू ठेवायला एक वाटी. अडॅप्टर लावलेला नसावा. नायलॉनची साडी किंवा टेरिकॉटचा सदरा घालून हे काम करू नये. अंगावरच्या विजेची बारीकशी ठिणगीही या भागांना मारक ठरते. आधी डब्याच्या उघड्या धातूला हात लावावा. मग तळाचे चार स्क्रू काढून झाकण उघडावे. मेमरीची पट्टी कडेला धरून तिरपी घालावी, खाच जुळवावी आणि हलकेच खाली दाबावी. दोन्ही बाजूंनी 'टक्' असा आवाज झाला की बसली. एसएसडीही तशीच तिरपी सरकवायची. सोडली की ती वर उचलते, म्हणून बोटाने दाबून तिचा छोटा स्क्रू आवळावा. जोर कुठेच लावायचा नाही. जोर लावावासा वाटला, तर खाच चुकली आहे असे समजावे.

पडद्यासाठी घरचा टीव्ही चालतो. एचडीएमआय केबलने जोडावा. पहिल्या वेळी पडदा दोन-तीन मिनिटे काळाच राहू शकतो. घाबरून बटण दाबू नका. तरीही काही दिसले नाही, तर वीज काढून मेमरी पुन्हा बसवावी. दोष बहुधा तिथेच सापडतो.

डब्यात विंडोज बहुतेक वेळा नसते. 'फुकट टाकून देतो' असे कोणी म्हटले, तर ती चोरीची प्रत असण्याचा संभव फार. त्यापेक्षा उबुंटू किंवा लिनक्स मिंट घ्यावे. दोन्ही विनामूल्य आहेत, पेनड्राइव्हवरून चढवता येतात आणि त्यांत मराठी टंकलेखनाची सोय आहे. सुरुवातीला हात अडखळतो, पण मुले आठवड्यात सरावतात.

विजेचे म्हणाल, तर हलक्या कामात असा डबा १० वॅटच्या आसपास घेतो. रोज चार तास चालवला, तर महिन्याला सव्वा युनिटही होत नाही. पडदा मात्र डब्याहून अधिक वीज खातो, हे दुकानात कोणी सांगत नाही! ४५ वॅटचा टीव्ही तेवढाच वेळ चालला, तर साडेपाच युनिटांच्या जवळ जातो. घरचा इन्व्हर्टर दोन्ही सहज ओढतो. डबा थेट १२ व्होल्टच्या बॅटरीला मात्र जोडू नका; बहुतेक डब्यांचे अडॅप्टर १९ व्होल्टचे असतात. विजा कडाडू लागल्या की प्लग काढून ठेवावा. चुलीचा धूर, पिठाची धूळ आणि उबेला येणाऱ्या पाली यांपासून डबा दूर असावा.

फोन शेतावर गेल्यावर इंटरनेटही जाते, हे खरे. म्हणून रात्री फोन केबलने डब्याला जोडून मुलीचे धडे, उतारे, पावत्या उतरवून घ्याव्यात. दिवसाच्या कामाला इंटरनेट लागतच नाही. दुधाची वही घ्या. तारीख, गाईचे नाव, लिटर, दर असे रकाने पाडा, शेजारी पेंड-कडब्याचा खर्च मांडा. तीन महिन्यांत कोणती गाय घराला पोसते आणि कोणत्या गाईला घर पोसते, हे आकड्यांत दिसेल. हे काम घरातल्या बाईकडेच असावे असे आमचे मत. धार काढणाऱ्या हाताला खरा आकडा ठाऊक असतो.

दर रविवारी सगळ्या हिशेबाची एक प्रत पेनड्राइव्हवर उतरवावी आणि तो पेनड्राइव्ह टीव्हीजवळ न ठेवता, कागदपत्रांच्या ट्रंकेत ठेवावा.