मिठाची दिशा ओळखा, मग वाफे आखा

दिवाळीच्या सुमारास रायगडच्या खारेपाटात भात कापणीला येते. पेण-अलिबागकडच्या बाहेरकाठ्यावर, म्हणजे खाडीचे खारे पाणी अडवणाऱ्या बांधावर, उभे राहिले, तर कधी एकाच खाचरात तीन पिके असल्यासारखे दिसते. काठ्यालगत रोपे खुरटलेली, लोंब्या पोचट, मध्यावर बरी, गावाच्या अंगाला दाणा भरलेला. वाण एक, खत एक, लावणारे हातही तेच. फरक फक्त मिठाचा. अशा खाचरात जुना वाण काठ्याजवळ आणि नवा गावाकडे लावला, तर कोण जिंकणार हे लावणीच्या दिवशीच ठरते. प्रयोगाची आखणी हवी ती एवढ्यासाठीच.

रायगडात हा प्रश्न जुना आहे. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या कर्जत केंद्राने कर्जत-१८४, कर्जत-३ असे वाण दिले. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने पनवेल-१, २ आणि ३ हे खारे पाणी सोसणारे वाण दिले. त्याआधी खारेपाटाची भिस्त काळा राता, भुरा राता यांसारख्या स्थानिक भातांवर होती. नवा वाण खरोखर सरस की त्याला वाफाच चांगला मिळाला, हे प्रत्येक वेळी सिद्ध करावे लागते.

ते सिद्ध करण्याची रीत इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेड केंद्रात घडली. १९१९ साली तिथे रुजू झालेल्या रोनाल्ड फिशर यांनी तीन गोष्टी सांगितल्या: प्रत्येक वाण अनेकदा लावा, जागा चिठ्ठ्या टाकून ठरवा, सारख्या जमिनीचे गट पाडा. १९३५ साली आखणीवरचे त्यांचे पुस्तक आले. आपल्याकडे विनायक पानसे आणि साताऱ्याच्या बुधचे पांडुरंग सुखात्मे यांनी १९५४ साली कृषी संशोधकांसाठी संख्याशास्त्राचे पुस्तक लिहिले. शेतीच्या विद्यार्थ्यांच्या पिढ्या त्यावर शिकल्या.

आता रचनेच्या निवडीकडे. सहा-सात वाण असतील तर साधी गट रचना, म्हणजे आरबीडी, पुरते. सहा वाण, चार गट, चोवीस वाफे. गट मात्र काठ्याला समांतर पट्ट्यांत पाडायचे, म्हणजे एका पट्टीतल्या सहाही वाणांना साधारण सारखेच मीठ लागते. वाफे लांबट ठेवून त्यांची लांबी काठ्याकडून गावाकडे घ्यायची. गट आडवे करायचे ते उभे केले, तर प्रत्येक गटात खारट-गोड दोन्ही जमिनी येतात आणि गट पाडल्याचा फायदाच उरत नाही.

मीठ एका बाजूने आणि ओल दुसऱ्या बाजूने बदलत असेल, तर लॅटिन चौरस उपयोगी: प्रत्येक वाण प्रत्येक आडव्या आणि प्रत्येक उभ्या ओळीत एकदाच. पण दहा वाणांना शंभर वाफे लागतात, म्हणून तो पाच ते आठ वाणांपुरताच बरा. छत्तीस वाण झाले की एक गट एवढा पसरतो की त्याच्या दोन टोकांची जमीन जुळत नाही. तिथे फ्रँक येट्स यांची १९३६ची लॅटिस रचना सहा-सहा वाफ्यांचे छोटे गट करते. लॅटिसला लागते तशी वाणांची संख्या पूर्ण वर्ग नसेल, तर पॅटर्सन आणि विल्यम्स यांची १९७६ची अल्फा रचना अधिक सोयीची.

पैदासकाराच्या पहिल्या पायरीवर वाण शेकड्यांनी असतात आणि बियाणे मूठभर. तिथे फेडरर यांची १९५६ची ऑगमेंटेड रचना कामी येते: नवे वाण एकेकदाच, तुलनेचे वाण मात्र प्रत्येक गटात. खत आणि वाण दोन्ही तपासायचे असतील, तर खताला मोठे वाफे, त्यांच्या आत वाणांना छोटे, म्हणजे स्प्लिट प्लॉट. त्यात वाणांची तुलना काटेकोर होते, खताची तुलनेने सैल.

संगणक मागाहून जमिनीचा चढउतार बराच दुरुस्त करतो, हे खरे. पण दर वेळी एकाच कोपऱ्यात लावलेला वाण आणि तो कोपरा यांची फारकत कोणतेही गणित करत नाही. म्हणून कागदावर रेघ ओढण्याआधी काठ्यावरून एक फेरी मारा, आणि त्या खाचराच्या मालकाला विचारा: गेल्या उधाणाला काठा फुटून खांड कुठे पडली होती?