खूण दिसली नाही तर : लेखांक ७

मागच्या लेखात टी पेशींचा पहारा पाहिला. जवळजवळ प्रत्येक पेशी आपल्या आतल्या प्रथिनांचे तुकडे एमएचसी रेणूंवर (माणसात त्यांनाच एचएलए म्हणतात) बसवून बाहेर मांडते. टी पेशी ते चाचपते आणि परका तुकडा सापडला की मारते. मग एखाद्या विषाणूने हे मांडणंच बंद पाडलं तर? टी पेशीला दिसायला काहीच उरणार नाही. कित्येक विषाणू आणि कर्करोगाच्या पेशी हीच वाट धरतात.

त्यांच्यासाठी शरीराने दुसरा पहारा ठेवला आहे. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेत १९७५ मध्ये रॉल्फ कीस्लिंग आणि सहकाऱ्यांनी उंदरांच्या प्लीहेतून अशा पेशींचं वर्णन केलं, ज्या कसलीही पूर्वओळख नसताना कर्करोगपेशी मारत. त्यांना ‘नैसर्गिक मारक पेशी’ हे नाव मिळालं. पण त्या कोणाला मारतात आणि कोणाला सोडतात, हे कळेना. शत्रूच्या अंगावरची खूण शोधण्यात बरीच वर्षं गेली. त्याच संस्थेतल्या क्लास कॅरे यांनी प्रश्नच उलटा केला: परकं काही दिसतं म्हणून नव्हे, तर आपलं काही दिसत नाही म्हणून या पेशी मारत असतील तर?

यासाठी केलेला प्रयोग मला फार देखणा वाटतो. उंदराच्या लिम्फोमाच्या पेशी घेतल्या. एमएचसी रेणूंना चिकटणारी प्रतिपिंडं वापरून, ज्यांच्यावर ते रेणू भरपूर होते त्या पेशी पुन्हा पुन्हा मारल्या. शेवटी उरल्या त्या जवळजवळ उघड्या अंगाच्या. त्यांचं नाव आरएमए-एस. त्यांच्या एमएचसीवाल्या भावंडांचं नाव आरएमए. दोन्ही त्याच जातीच्या उंदरांना टोचल्या. आरएमएची गाठ वाढली, आरएमए-एसचा मात्र शरीराने निकाल लावला. मारक पेशी आधीच काढून टाकलेल्या उंदरांत आरएमए-एसही वाढली! १९८६ मध्ये हे ‘नेचर’मध्ये छापून आलं.

आरएमए-एसमध्ये बिघडलं होतं काय, ते पुढे कळलं. प्रथिनांचे तुकडे एमएचसीपर्यंत पोचवणारा पंप मोडला होता. तुकडा बसला नाही की शरीराच्या उष्णतेत रेणू टिकत नाही. त्याच पेशी २६ अंशांवर ठेवल्या, तर रिकामे रेणूही पृष्ठभागावर येऊन उभे राहतात.

मारक पेशीवर एमएचसी ओळखणारे ग्राहक रेणू असतात. ओळख पटली की त्यांच्या आतल्या शेपटीकडून थांबण्याचा निरोप जातो. म्हणजे निरोगी पेशीला क्षणोक्षणी ‘मी घरची’ हे सांगत राहावं लागतं. नाही सांगितलं, तर परफोरिन तिच्या पटलाला भोकं पाडतं आणि मागोमाग ग्रॅन्झाइम आत शिरून तिला मरायला लावतात.

पण नुसतं गप्प राहणं हा गुन्हा नव्हे. लाल रक्तपेशींवर एचएलए जवळजवळ नसतंच, तरी त्या सुखरूप फिरतात, कारण हल्ल्याला चेतवणारे रेणूही त्यांच्यावर नसतात. संकटात सापडलेल्या पेशीवर मायका नावाचा रेणू उगवतो आणि मारक पेशीला चेतवतो. चेतवणारे आणि रोखणारे निरोप एकाच वेळी तोलले जातात, आणि पारडं झुकेल तसा निर्णय होतो.

सायटोमेगॅलो विषाणूने या तराजूवरच हात ठेवला आहे. भारतातल्या बहुतेक प्रौढांना त्याची लागण होऊन गेलेली असते आणि एकदा आला की त्याचा मुक्काम जन्मभर. टी पेशींपासून लपण्यासाठी तो एचएलए रेणू पेशीच्या आतच नष्ट करतो. आता मारक पेशी धावून यायला हवी. पण एचएलए-ई नावाचा एक रेणू तो शाबूत ठेवतो. या रेणूवर एरवी इतर एचएलए प्रथिनांच्या टोकाचा नऊ अमिनो आम्लांचा तुकडा बसतो. बाकीचे एचएलए नीट बनत आहेत, याची ती पावती. विषाणू हुबेहूब तसाच तुकडा स्वतःच्या प्रथिनातून कापून तिथे बसवतो. मारक पेशी येते, पावती पाहते आणि पुढच्या पेशीकडे वळते.