दोन सर्व्हर, एकच क्वेरी

ग्राहकांची यादी एका सर्व्हरवर, बिलं दुसऱ्यावर, आणि साहेबांना रिपोर्ट एकत्र हवा. अशा वेळी बरेच जण सीएसव्ही फाइली काढून एक्सेलमध्ये जुळवत बसतात. पोस्टग्रेस वापरत असाल तर ही दगदग नको! 'पोस्टग्रेस एफडीडब्ल्यू' हे एक्स्टेन्शन 2013 च्या 9.3 आवृत्तीपासून सोबतच येतं. एक्स्टेन्शन चालू करायचं, पलीकडच्या सर्व्हरचा पत्ता नोंदवायचा, युजर जोडायचा आणि 'इम्पोर्ट फॉरेन स्कीमा' चालवायचं. तिकडची टेबलं इथलीच असल्यासारखी जॉइन करता येतात.

खरी गंमत आहे ती काम कुठे होतं यात. 'व्हेअर'मधली अट पलीकडे पाठवता आली, तर तिकडूनच गाळून मोजक्या ओळी येतात. नाहीतर सगळं टेबल नेटवर्कवरून ओढलं जातं, तेही मूळ सेटिंगमध्ये एका वेळी फक्त 100 ओळी. अटीत 'नाऊ' फंक्शन लिहिलं की साधारणपणे हेच होतं, कारण त्याचं उत्तर कायम एकच राहत नाही. म्हणून थेट तारीख द्यावी. दोन्ही टेबलं पलीकडच्या एकाच सर्व्हरवर असतील, तर 9.6 पासून जॉइनसुद्धा तिकडेच होऊ शकतो. अप्रतिम सोय आहे ही.

पलीकडच्या टेबलांत डेटा लिहिताना मात्र जपून. दोन्हीकडचं कमिट एकसंध होईल याची हमी नाही. पैशांच्या व्यवहारांसाठी हे वापरू नये, असं माझं स्पष्ट मत.

क्वेरी संथ वाटली तर आधी 'एक्सप्लेन व्हर्बोज' चालवा आणि 'रिमोट एसक्यूएल' ही ओळ वाचा. पलीकडे नेमकं काय गेलं, ते तिथे दिसतं.