स्वयंचलित गिअरबॉक्सचे आयुर्मान

वैशाखात चंद्रपूर जिल्ह्याचा पारा ४५ अंशांपलीकडे जातो, आणि नेमक्या त्याच दिवसांत, पाणवठ्यावर वाघ दिसण्याचा संभव अधिक म्हणून, चिमूरवरून ताडोबाच्या कोलारा प्रवेशद्वाराकडे मोटारींची रहदारी वाढते. त्यांतील स्वयंचलित गिअरच्या मोटारींचा खरा वैरी हीच उष्णता होय. १९३९ साली अमेरिकेत जाहीर झालेल्या ‘हायड्रा-मॅटिक’ या स्वयंचलित गिअरबॉक्सपासून अशा यंत्राचा प्राण त्यातील तेलात आहे, कारण इंजिनाची शक्ती पुढे पोचविणे, दाबाने गिअर बदलणे, वंगण देणे आणि ताप वाहून नेणे ही सारी कामे तेच करते. तापमान सुमारे १० अंशांनी चढले की तेलाच्या ऱ्हासाचा वेग अदमासे दुप्पट होतो. म्हणून तेल काळवंडले वा जळका वास आला, तर उत्पादकांच्या ‘आजीवन तेल’ या ग्वाहीवर विसंबून राहणे मला मुळीच मंजूर नाही. मोटारीच्या पुस्तिकेत कठीण वापरासाठी तेल बदलण्याची जी कमी मुदत नमूद असते, तीच या मुलखात ग्राह्य धरावी व तेलही पुस्तिकेत सांगितलेल्या प्रतीचेच घालावे. हाताळणीतही काळजी हवी: गाडी पूर्ण थांबल्यावाचून गिअर ‘डी’वरून (पुढे) ‘आर’वर (मागे) नेऊ नये, उभी करताना आधी हँडब्रेक ओढून मगच ब्रेकवरचा पाय उचलावा, म्हणजे साऱ्या गाडीचा भार ‘पी’च्या (पार्किंगच्या) लहानशा खिट्टीवर पडत नाही.