सरड्याच्या अंड्याला कोंबडीचा नियम नाही

पहूर परिसरात कपाशीची निंदणी सुरू झाली, की विळ्याच्या टोकाशी कधीमधी पांढरी, मऊ सालीची अंडी वर येतात. करंगळीच्या पेराएवढी, एकाच जागी दहा-वीस. बहुतेकदा ती शेतातल्या नेहमीच्या सरड्याची असतात. पोरे ती उचलतात, उलटसुलट करून बघतात आणि तेवढ्यानेही आतला जीव जाऊ शकतो.

कोंबडी आपली अंडी सतत फिरवत असते. न फिरवली तर गर्भ कवचाला चिकटून मरतो. सरड्याचे नेमके उलट. अंडे घातल्यावर थोड्याच काळात गर्भ वरच्या बाजूला पडद्याला चिकटतो आणि तिथूनच हवा घेतो. अंडे उलटले, की तो बलकाखाली दबतो. म्हणून अंडी उघडी पडलीच तर वरची बाजू वरच ठेवून तितक्याच खोल ओलसर मातीत झाकावीत. अंडी बरीच मोठी असतील तर ती सापाची किंवा घोरपडीची असू शकतात. त्यांना हात न लावता सर्पमित्राला किंवा वन विभागाला कळवावे.

पावसाची वाट केवळ शेतकरीच बघत नाही. धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठात भाग्यश्री शानभाग आणि एस. के. सैदापूर यांनी याच सरड्यावर अनेक वर्षे काम केले. अंडी घालायला योग्य ओली जमीन मिळाली नाही, तर मादी ती पोटातच धरून ठेवते आणि गर्भाची वाढ एका टप्प्यावर थांबते, असे त्यातून दिसले.

हौसेने पाळला जाणारा ऑस्ट्रेलियातला ‘बिअर्डेड ड्रॅगन’ही याच कुळातला. त्याची अंडी पाळणारे लोक इन्क्युबेटरमध्ये, दमट भुश्शासारख्या थरात, २८ ते ३० अंशांवर साधारण दोन महिने ठेवतात आणि वरच्या बाजूला पेन्सिलीने खूण करतात. तापमान ३२ अंशांपुढे गेले, तर जनुकांनी नर असलेली पिल्लेही मादी होऊन जन्मतात. क्लेअर हॉलेली आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये अशा माद्या ऑस्ट्रेलियाच्या रानातही असल्याचे दाखवले. जळगाव जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४४ अंशांपुढे जातो. अशा दिवसांत कपाटावर ठेवलेल्या डब्यात ही अंडी टिकणारच नाहीत. शेतातल्या सरड्याचे मात्र भागते. पावसाने गार झालेली माती आणि कपाशीची सावली हाच त्याचा इन्क्युबेटर, तोही विजेशिवाय.

एक गोष्ट घरच्यांसाठी. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर, विष्ठेत आणि अंड्यांवर साल्मोनेला हे जिवाणू असू शकतात. त्यांनी ताप, जुलाब होतात; पाच वर्षांखालील मुले आणि म्हाताऱ्या माणसांना त्रास जास्त होतो. अंडी किंवा पिल्लू हाताळले, तर साबणाने हात धुवावेत, आणि असा डबा स्वयंपाकघरात तर मुळीच ठेवू नये.